टोपलीचा हिशेब
ओळखीच्याच्या सल्ल्याने घेतलेल्या एकाच शेअरात माझी बचत बुडाली. मग मी ईटीएफ समजून घेतला. जानेवारी २००२ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात आलेला ‘निफ्टी बीज’ हा आपल्याकडचा पहिला. निफ्टीतले ५० शेअर तो निर्देशांकाच्याच प्रमाणात बाळगतो. एखादी कंपनी निर्देशांकातून गेली, की तोही ती विकतो. निवडीची हुशारी नाही, म्हणून खर्च कमी. त्याची युनिटे शेअरसारखीच बाजारात विकली जातात. भाव आतल्या शेअरांच्या किमतीहून चढला, तर मोठे व्यापारी शेअरांची टोपली फंडाला देऊन नवी युनिटे घेतात, ती विकतात. भाव खाली येतो. घरी हिने विचारले, “यात तोटा नाही?” म्हटले, “आहे. बाजार पडला, की हाही पडतो. पण एकाच कंपनीच्या पायी सारे जात नाही.”