ऑस्टिनचे दहा प्रभाग

ऑस्टिन ही टेक्सास राज्याची राजधानी.
झपाट्याने वाढलेले शहर.

तिथे पूर्वी महापौर आणि सहा नगरसेवक
साऱ्या शहराच्या मतांवर निवडून येत.
प्रचाराला पैसा फार लागे.

१९२८ च्या नगररचना आराखड्याने
कृष्णवर्णीय रहिवाशांना पूर्वेकडे ढकलले होते.
त्या वस्त्यांचा आवाज सभागृहात क्षीणच राहिला.
हा उघड अन्याय होता.

शहराचे प्रभाग पाडून नगरसेवक निवडण्याचा प्रस्ताव मतदारांनी अनेकदा फेटाळला.
अखेर २०१२ मध्ये तो मंजूर झाला.
दहा प्रभाग, दहा नगरसेवक.

सीमा आखल्या नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाने,
नगरसेवकांनी नव्हे.
हे फार मोलाचे.

२०१४ मध्ये पहिली निवडणूक झाली.
दहा प्रभाग, प्रत्येकाचा एक नगरसेवक.
महापौर मात्र आजही सारे शहर निवडते.