जुनी मोटार आणि तेलाचा हिशेब

कार्यालयाची जुनी मोटार तेल खाऊ लागली की एक तर इंजिन खोलण्याचा प्रस्ताव येतो, नाही तर डबे ओतणे चालू राहते. दोहोंपूर्वी मोजमाप हवे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. घातलेले तेल व झालेले किलोमीटर लॉगबुकात नोंदवावेत. हजार किलोमीटरला लिटरभर तेल जात असेल, तर कारण शोधलेच पाहिजे.

प्रथम गाडीखालचे डाग आणि तुंबलेली ब्रीदर नळी पाहावी. हे उपाय स्वस्त असतात. त्यानंतर धूर पाहावा. सकाळी सुरू करताना क्षणभर निळा धूर आला, तर बहुधा व्हॉल्व्हची सील झिजलेली असतात. चढावर जोर लावताना आला, तर संशय पिस्टनच्या रिंगांवर घ्यावा. पेट्रोल इंजिनात सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून कॉम्प्रेशन पुन्हा मोजावे. दाब वाढला, तर रिंगा झिजल्या असे समजावे. सीलचे काम थोडक्यात भागते, रिंगांसाठी इंजिन उघडावे लागते. म्हणून निदानाआधी खर्चास मंजुरी देऊ नये.

तोवर तेलाची पातळी मात्र किमान खुणेखाली जाऊ देऊ नये. तेलाअभावी बेअरिंग जळाले, की किरकोळ दुरुस्तीचे काम सबंध इंजिनावर जाते, आणि तो भार अखेर सार्वजनिक निधीवरच पडतो.