पाईकसाठी पहिला रॉड: काय घ्यायचं, आणि आधी काय घ्यायचं

आजचा विषय जरा हटके आहे. मागच्या भागात मी बोलता बोलता म्हणालो होतो, की इथे नेदरलँड्सला आल्यापासून मला मासे पकडायचा नाद लागलाय. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "आम्हीपण युरोपात आहोत, सुरुवात करायची आहे, नेमकं काय विकत घेऊ?" तर आज तेच. लूर वापरून पाईक पकडायचा असेल तर पहिलं सामान कोणतं घ्यायचं.

आधी पाईक म्हणजे काय ते सांगतो. डच लोक त्याला स्नूक म्हणतात. लांबट, हिरवट, अंगावर फिकट ठिपके, आणि बदकाच्या चोचीसारखं चपटं तोंड. त्याची पाठीवरची कल्ली पार मागे, शेपटीजवळ असते. का? कारण हा मासा पाठलाग करत बसत नाही. काठच्या गवतात दबा धरून थांबतो आणि समोरून काही गेलं की बाणासारखा सुटतो. आपल्याकडची मरळ आठवा. नातं काही नाही, पण स्वभाव तसाच.

लूर म्हणजे खोटं आमिष. गांडूळ नाही, कोळंबी नाही. धातूचा, रबराचा किंवा लाकडाचा तुकडा, जो पाण्यात ओढला की जखमी माशासारखा हलतो. फिनलंडच्या लौरी रापाला नावाच्या मच्छीमाराने १९३६ मध्ये असाच एक लूर हाताने कोरून बनवला होता, कारण शिकारी मासे कळपातला लंगडणारा मासाच उचलतात, हे त्याने पाहिलं होतं.

आता माझी चूक सांगतो. खरं सांगायचं तर हा भाग त्या चुकीसाठीच केलाय.

मी इंजिनिअर माणूस. खरेदीच्या आधी एक्सेल शीट बनवली. रॉड, रील, लूर, सगळ्याचे कॉलम. तीन आठवडे रिव्ह्यू बघितले. रॉड-रीलवर नव्वदेक युरो घातले, आणि उरलेल्या पैशांत पंधरा रंगीबेरंगी लूर. उट्रेख्तजवळच्या पोल्डरमध्ये, म्हणजे कुरणांमधून सरळ रेषेत जाणारे जे पाण्याचे चर असतात ना तिथे, एका रविवारी सकाळी गेलो. तिसऱ्या फेकीला लाईन ताणली गेली. मी आनंदाने ओरडलो. पाच सेकंद. मग एकदम ढिली. लाईनचं टोक बघितलं तर ब्लेडने कापल्यासारखं.

पाईकच्या तोंडात सुऱ्यांसारखे दात असतात. साधी नायलॉनची किंवा ब्रेडची लाईन त्यापुढे टिकत नाही. माझा लूर, तीन टोकांच्या दोन गळांसकट, त्याच्या तोंडात राहिला. माझे आठ युरो गेले, त्याचं काही नाही. पण तो मासा तोंडात तेवढं लोखंड घेऊन फिरणार, कदाचित खाता न आल्याने मरणार, आणि ते माझ्यामुळे. कारण माझ्या एक्सेलमध्ये चार युरोच्या वायरचा कॉलमच नव्हता.

म्हणून माझी यादी उलटी आहे. शेवटचं आधी.

पहिलं, लीडर. लाईन आणि लूर यांच्यामध्ये साधारण ३० सेंटिमीटरची स्टीलची बारीक वायर, किमान १० किलो ताकदीची. एका टोकाला स्विव्हल, दुसऱ्या टोकाला लूर अडकवायचा स्नॅप. दुकानात तयार मिळते. कुणी म्हणेल, फ्लोरोकार्बन चालतं, ते माशाला दिसत नाही. चालतं, पण ते चांगलंच जाड लागतं. नवशिक्याने स्टीलच घ्यावी. वायरला पीळ पडला की सरळ करत बसू नका, फेकून द्या.

दुसरं, गळ काढायचं सामान. लांब नाकाची पक्कड, २५ सेंटिमीटर तरी हवी, म्हणजे बोटं दातांपासून लांब राहतात. शिवाय एक दणकट वायर कटर. गळ खोल गेला असेल तर ओढाताण करायची नाही, गळच कापून तुकडे बाहेर काढायचे. रबरी जाळीचं मोठं हातजाळं, आणि माशाला ठेवायला ओली मॅट. आमच्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर हा रोलबॅक प्लॅन. तो तयार नसेल तर डिप्लॉय करू नका.

तिसरं, लाईन. ब्रेड लाईन घ्या, ०.१५ ते ०.२० मिलिमीटर. ब्रेड ताणली जात नाही, त्यामुळे झटका लगेच हाताला कळतो आणि पाईकच्या हाडकुळ्या जबड्यात गळ नीट बसतो. फार बारीक लाईनचा हट्ट नको. ती तुटली की पुन्हा तेच, लूर माशाच्या तोंडात. गाठीसाठी पालोमार शिका, सोपी आहे. आवळण्याआधी ओली करा.

चौथं, रॉड आणि रील. रॉड २.१० ते २.४० मीटर. त्यावर किती ग्रॅमचा लूर फेकता येईल ते लिहिलेलं असतं. १५ ते ५० ग्रॅमच्या आसपासचा घ्या, बहुतेक लूर त्यात बसतात. रील साधी स्पिनिंग, ३००० किंवा ४००० साईझ. बेटकास्टर दिसायला भारी असते, पण सुरुवातीला अर्धा दिवस गुंता सोडवण्यात जातो. आणि रीलचा ड्रॅग असा ठेवा, की हाताने जोरात ओढलं तर लाईन सुटली पाहिजे.

पाचवं, लूर. पंधरा नको, चार पुरे. चार किंवा पाच नंबरचा एक स्पिनर, २० ग्रॅमच्या आसपासचा एक धातूचा चमचा, १० ते १२ सेंटिमीटरचा एक रबरी शॅड, आणि उथळ पाण्यासाठी एक तरंगता वॉब्लर. पोल्डरचे चर बऱ्याचदा जेमतेम मीटरभर खोल असतात, त्यामुळे जड लूर तळाच्या शेवाळात जाऊन बसतो. शिवाय पकडीने गळाचे उलटे काटे दाबून टाका. एखादा मासा सुटेल, पण बाकीचे पटकन मोकळे होतील.

आणि कागदपत्रं! इथे विसपास लागतो. तो घेतल्यावर कुठल्या पाण्यात परवानगी आहे ते विसप्लॅनर ॲपवर दिसतं. बहुतेक पाण्यांत १ एप्रिलपासून लूर बंद असतात, आणि मेच्या शेवटच्या शनिवारी पुन्हा उघडतात. पाईकची बंदी तर १ मार्चपासूनच. तुम्ही दुसऱ्या देशात असाल तर तिथले नियम आधी बघा. कडक उन्हाळ्यात, पाणी फार गरम झालं की मी स्वतःहून थांबतो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, दमलेला मासा सावरत नाही.

दुसऱ्या खेपेला सगळं घेऊन गेलो. ऑक्टोबर होता. साठेक सेंटिमीटरची पाईक लागली, पण गळ खोल. माझे हात थरथरायला लागले. पलीकडच्या काठावर एक म्हातारे गृहस्थ होते, ते पूल ओलांडून आले. काही न बोलता माझ्या हातातला कटर घेतला, दोनदा कट् कट्, मासा मोकळा. मग त्याला पाण्यात सरळ धरून उभे राहिले, तो स्वतः शेपटी मारेपर्यंत. मला म्हणाले, "कटर आणलास हे बरं केलंस." बस, एवढंच. पण त्या दिवशी मला या देशात पहिल्यांदा कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं वाटलं.

रात्री चिपळूणला आजोबांना फोन केला. ते आयुष्यभर वाशिष्ठीवर गरवायला जायचे, एक बांबू आणि एक गरी घेऊन. फोटो बघून खूश झाले.

"मग आमटी केलीस की तळलास?"

"सोडला, आजोबा. इथे सोडतात."

जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खायचा नव्हता, तर त्याला त्रास कशाला दिलास रे?"

मंडळी, याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. आजोबांनी विनाकारण एकही मासा मारला नाही, आणि मी नुसत्या मजेसाठी पकडतो, हे खरंच आहे. मी एवढंच म्हणू शकतो, की पकडणारच असेन तर तो धडधाकट परत गेला पाहिजे, आणि ते दुकानातच ठरतं. म्हणून पैसे कमी असतील तर रॉड स्वस्त घ्या. पक्कड, कटर आणि वायर मात्र सोडू नका.

तुमचं काय मत आहे, आजोबांचं बरोबर की माझं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. चला, भेटू!