मोर्च्यातला मोबाइल ग्रामसभेत यावा
(वसंत व्याख्यानमालेत बुलढाण्यात दिलेले व्याख्यान)

नवी माध्यमं आणि तरुणांचं राजकारण हा विषय मला दिला आहे. त्यासाठी जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. २०१६ साली कोपर्डीत एका मुलीवर अत्याचार करून तिची हत्या झाली, त्यानंतर मराठा क्रांती मूक मोर्चे निघाले, तेव्हा इथलेही रस्ते भरून गेले. घोषणा द्यायच्या नाहीत, निवेदन मुलींनी द्यायचं, मागे कचरा ठेवायचा नाही, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरून गावोगाव पोचलं होतं.

दुसरं उदाहरण २०२४ च्या लोकसभेचं. शेतकरी नेते रविकांत तुपकर बुलढाण्यातून अपक्ष उभे राहिले. अर्ज मागे घ्यायची मुदत ८ एप्रिलला संपली, मतदान २६ एप्रिलला झालं. अपक्षाला चिन्ह मिळतं ते या मुदतीनंतर, म्हणजे सहा विधानसभा मतदारसंघांत ते पोचवायला जेमतेम अडीच आठवडे! त्यांना सुमारे अडीच लाख मतं पडली. ते तिसरे आले. विजयी प्रतापराव जाधवांना साडेतीन लाखांच्या जवळपास मतं होती. कुणाचं राजकारण बरोबर, हे मी आज सांगणार नाही. पण एवढी मतं नुसत्या रीलवर मिळत नाहीत. त्याआधी सोयाबीन-कापसाच्या भावासाठी मोर्चे झाले होते. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,६०० रुपये असताना बाजारात त्याहून कमी मिळत होते, आणि पोती घरात पडून होती. मोबाइलवर पोरं जे ऐकत होती, ते त्यांच्या घरातलंच दुखणं होतं. दुखणं खरं असलं की तरुण ऐकतो. नाचगाण्याच्या रीलवर पुढाऱ्याचा फोटो चिकटवणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं.

माझी खरी तक्रार पुढची आहे. निकाल लागला की हेच ग्रुप वाढदिवसाच्या शुभेच्छांवर येतात. कापलेल्या क्लिपा, जातीवरून चिडवणारे मेसेज तेवढे चालू राहतात. आणि गावात ग्रामसभा भरते तेव्हा खुर्च्या रिकाम्या!

मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. वर्षात किमान चार सभा घ्याव्या लागतात. त्यांच्याआधी महिलांची सभा घ्यायची, असंही कायदा सांगतो. गणपूर्ती किती? पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. म्हणजे मोठ्या गावातसुद्धा शंभर पोरापोरींनी ठरवलं तर गणपूर्तीअभावी सभा तहकूब होणार नाही. त्यांच्या हातात माहितीही आहे. ई-ग्रामस्वराज हे अ‍ॅप २०२० पासून आहे. जिल्हा, तालुका, आपली ग्रामपंचायत आणि वर्ष निवडलं की आराखड्यातली कामं आणि त्यांवरचा खर्च दिसतो. नालीवर इतके रुपये खर्ची पडलेले दिसले, तर त्या नालीपाशी जाऊन उभं राहायचं, फोटो काढायचा आणि तो सभेत दाखवायचा. माझ्या मते नव्या माध्यमाचं सगळ्यात मोलाचं राजकारण हेच. त्यात भाषण नाही, पुढारी नाही, पण सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांनाही उत्तर द्यावं लागतं.

मूक मोर्च्यात ज्या वयाच्या मुलींनी जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन दिलं, त्या वयाच्या मुली गावच्या सभेत मागे भिंतीला टेकून गप्प का बसाव्यात?

मे महिन्यातल्या ग्रामसभेची नोटीस लागेल. तिचा फोटो त्याच दिवशी गावच्या ग्रुपवर टाका. प्रश्न लेखी द्या, आणि मिळालेलं उत्तर इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.