सेन नदीकाठची टांकसाळ

जुन्या नाण्यांचा नाद ज्याला एकदा जडला, त्याने पॅरिसला जाण्याचा योग येताच आयफेल मनोऱ्याकडे धाव घेण्यापूर्वी सेन नदीच्या काठी उभ्या असलेल्या त्या टांकसाळीचे दर्शन घ्यावे, जिचा उगम टकल्या चार्ल्स राजाच्या इ. स. 864 च्या फर्मानात आहे.

फ्रँक या फ्रेंच नाण्याचा जन्मच मुळी एका राजाच्या सुटकेशी निगडित आहे : 1356 मध्ये प्वातिएच्या रणांगणावर इंग्रजांच्या कैदेत पडलेला जाँ राजा जबर खंडणीच्या करारावर सुटला, तेव्हा 1360 मध्ये अश्वारूढ राजाची मुद्रा असलेले पहिले सुवर्ण फ्रँक पाडण्यात आले.

परंतु संग्राहकाचे मन खरे गुंतते ते शिल्पकार ओस्कार रोती याने घडविलेल्या, 1897 मध्ये रौप्य नाण्यांवर अवतरलेल्या ‘पेरणारी’च्या ठायी. केस मागे उडत असताना ही स्त्री समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या विरुद्ध बी फेकते, हे पाहून आपल्याकडचा कोणताही कुणबी मिस्कीलपणे हसेल; पण तिच्या चालीतला डौल असा, की हा प्रमाद क्षम्य वाटावा. तीच आकृती 1960 च्या नव्या फ्रँकवर आणि पुढे युरोच्या काही सेंटांवरही कायम राहिली.

जुन्या नाण्यावरचे टांकसाळीचे रोमन अक्षरही निरखावे : ‘ए’ म्हणजे पॅरिस, ‘के’ म्हणजे बोर्दो. पॅरिसच्या व्हिव्हिएन रस्त्यावरील नाणेविक्रेते ते भिंगाखाली दाखवितात.

आणि एक विनंती : घरी आणलेले नाणे चिंच लावून घासू नका, त्याचे मोल उतरते.