पद्म पुरस्कार आणि क्रिकेटपटू : एका सैनिकाचं मत

 

दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी पद्म पुरस्कारांची यादी येते. त्यात एखादा क्रिकेटपटू दिसला की वाद सुरू होतो. "हे पैशासाठी खेळतात, जाहिराती करतात, यांना राष्ट्रीय सन्मान कशाला? त्यापेक्षा सीमेवरच्या जवानाला द्या!" मी तीस वर्षं वर्दीत काढली. त्यामुळे लोकांना वाटतं, या शेवटच्या वाक्याला मी टाळी देईन. मी देणार नाही.

पहिली गोष्ट, जवानासाठी परमवीर चक्रापासून सेना मेडलपर्यंत स्वतंत्र व्यवस्था आहे. पद्म हा नागरी सन्मान आहे. एकाच्या छातीवरचं काढून दुसऱ्याला लावलं जात नाही. दुसरी गोष्ट पैशाची. नामवंत सर्जन कमावतात, सिनेनट कमावतात, उद्योगपती तर कमावतातच. त्यांना पद्म मिळतं तेव्हा आपण त्यांचं बँक खातं विचारत नाही. आणि क्रिकेट म्हणजे सगळेच कोट्यधीश, हेही खरं नाही. १९८३ चा विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला बक्षीस द्यायला बोर्डाकडे पैसे नव्हते. लतादीदींनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला, तेव्हा कुठे प्रत्येकाला एक लाख रुपये मिळाले. २०१७ साली शेखर नाईक यांना पद्मश्री मिळाली. ते भारताच्या अंध क्रिकेट संघाचे माजी कर्णधार. त्यांनी कुठल्या जाहिरातीतून करोडो कमावले?

तेव्हा क्रिकेटपटूंना सन्मान द्यावा का, याचं माझं उत्तर सरळ आहे : जरूर द्यावा. माझी तक्रार वेगळी आहे. ती सांगण्यासाठी दोन वर्षांची उदाहरणं देतो.

पहिलं वर्ष १९५६. त्या वर्षी पद्मभूषण मिळालेल्यांत दोन खेळाडू होते. एक कर्नल सी. के. नायडू, आपल्या नागपूरचे आणि होळकरांच्या इंदूरचे, १९३२ च्या पहिल्या कसोटीतले भारताचे कर्णधार. दुसरे मेजर ध्यानचंद, १९२२ साली शिपाई म्हणून भरती झालेले, १९२८, १९३२ आणि १९३६ अशा तीन ऑलिम्पिकची सुवर्णपदकं आणणारे. क्रिकेट आणि हॉकी, दोघांचा मान एकाच वर्षी, एकाच पायरीवर. कुणाची कुरकूर नाही.

दुसरं वर्ष २०१८. महेंद्रसिंग धोनी पद्मभूषण घ्यायला मानद लेफ्टनंट कर्नलच्या गणवेशात गेले. तारीख होती २ एप्रिल, विश्वचषक जिंकल्याला बरोबर सात वर्षं झाली होती. त्यांची चाल, त्यांचा सॅल्यूट पाहून माझ्यासारख्या जुन्या सैनिकालाही बरं वाटलं. त्याच वर्षी पद्मश्री मिळाली मुरलीकांत पेटकर यांना. सांगली जिल्ह्यातला हा ईएमईचा जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, अपंगत्व आलं. तरी पाण्यात उतरला आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात देशाचं पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक घेऊन आला. तेव्हा धोनींचा जन्मही झाला नव्हता. एकाला सात वर्षं लागली, दुसऱ्याला शेहेचाळीस. धोनींना लवकर मिळालं असं मी म्हणत नाही. पेटकरांना फार उशिरा मिळालं, असं म्हणतो.

पेटकरांना निदान मिळालं तरी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. ते १९८४ साली गेले. मधे बत्तीस वर्षं होती. अर्जुन पुरस्कार मिळाला, पण मरणोत्तर. पद्म मिळालंच नाही. आणि पद्म पुरस्कार सहसा मरणोत्तर दिला जात नाही, नुकत्याच झालेल्या निधनाचा अपवाद सोडला तर. म्हणजे इथे उशीर आणि नकार यांत फरक उरत नाही.

भारतरत्नाचं तसं नाही, ते मरणोत्तर देता येतं. २०११ साली निकष बदलले आणि कोणत्याही क्षेत्रातल्या कर्तृत्वासाठी भारतरत्न खुलं झालं. सचिन तेंडुलकर यांना ते २०१४ मध्ये दिलं गेलं. दोनशे कसोटी, शंभर आंतरराष्ट्रीय शतकं, चोवीस वर्षं एका शब्दाचा डाग नाही. ते योग्यच झालं. पण खेळाडूंच्या रांगेत पहिला मान ध्यानचंदांचा होता, आणि तो आजही देता येतो. २०२१ साली खेलरत्नाला त्यांचं नाव दिलं, चांगलं केलं. पण दुसऱ्याच्या पदकावर नाव असणं वेगळं आणि आपल्या नावाचं पदक असणं वेगळं.

मग उपाय काय? फौजेत शौर्यपदकासाठी साइटेशन लिहावं लागतं. कुठल्या दिवशी, कुठल्या ठिकाणी, जवानाने नेमकं काय केलं, कुणी पाहिलं. "पोरगा शूर आहे, पलटणीत सगळ्यांचा लाडका आहे" असं लिहून कुणाला पदक मिळत नाही. लाडकेपणा ही कृती नाही. हीच कसोटी क्रिकेटपटूंना लावा. ज्याचं साइटेशन भक्कम, त्याला बिनदिक्कत द्या. ज्याच्या नावापुढे फक्त प्रसिद्धी आहे, त्याला थांबवा. पण मग कबड्डीपटू, तिरंदाज, धावपटू यांचंही साइटेशन कुणीतरी लिहायला हवं ना! क्रिकेटपटूचं काम सगळा देश टीव्हीवर बघतो. बाकीच्यांचे साक्षीदार कोण?

साक्षीदार तुम्ही. पद्म पुरस्कारासाठी कोणीही नागरिक शिफारस करू शकतो. सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा आणि जास्तीत जास्त आठशे शब्दांत त्या व्यक्तीचं काम लिहायचं. मरणोत्तर आणि परदेशी वा अनिवासी भारतीयांचे सोडले, तर एका वर्षात पद्म पुरस्कार जास्तीत जास्त एकशेवीस. त्यात क्रिकेटपटूचं नाव पाहून चिडण्यात एक संध्याकाळ जाते. तेवढ्याच वेळात आठशे शब्द लिहून होतात.

तुमच्या गावात, तुमच्या तालमीत, तुमच्या मैदानावर असा कोणी म्हातारा खेळाडू असेल. त्याच्याकडे जा, त्याची जुनी प्रमाणपत्रं बघा, तारखा लिहून घ्या, अर्ज भरा. तो आहे तोवर भरा.

जय हिंद.