गोधडी आणि इतिहास
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



इतिहास म्हटला म्हणजे बखरी, सनदा आणि ताम्रपट आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु ज्यांच्या हाती लेखणी येऊ दिली गेली नाही, त्यांनी आपल्या आठवणी कोठे जपल्या? पुष्कळ ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर सुईदोऱ्यात सापडते. अमेरिकेतील दोन स्त्रियांच्या कामावरून हे स्पष्ट होईल.

हॅरिएट पॉवर्स ही १८३७ साली जॉर्जिया प्रांतात गुलामगिरीत जन्मली. गुलामगिरी संपल्यानंतर, १८८६ साली, अथेन्स गावच्या कापूस-प्रदर्शनात तिची एक गोधडी मांडण्यात आली. रंगीत कापडातून माणसे, पशू व तारे कापून तिने अकरा चौकटींत बायबलातील कथा शिवल्या होत्या. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकला-शिक्षिकेने ती विकत मागितली. हॅरिएटने साफ नकार दिला. पुढे घरी ओढाताण झाली, तेव्हा तीच गोधडी तिने दहा डॉलरला देऊ केली आणि हाती पाचच पडले! मात्र निघण्यापूर्वी तिने प्रत्येक चौकटीचा अर्थ सांगितला व स्मिथबाईंनी तो लिहून घेतला. लेक सासरी दिल्यावर आईने तिला भेटावयास जावे, तशी ती पुढे आपली गोधडी पाहावयास येत असे.

तिच्या दुसऱ्या गोधडीत पंधरा चौकटी आहेत. १९ मे १७८० रोजी भरदिवसा पडलेला अंधार आणि १३ नोव्हेंबर १८३३ चा उल्कापात त्यांत शिवला आहे. दोन्ही घटना तिच्या जन्मापूर्वीच्या! तोंडोतोंडी चालत आलेली आठवण तिने टाक्यांनी स्थिर केली. या दोनच गोधड्या आज ज्ञात आहेत. पहिली वॉशिंग्टनच्या व दुसरी बोस्टनच्या संग्रहालयात आहे. अर्थ लिहून घेतला गेला नसता, तर आपण केवळ सुंदर आकृती पाहून पुढे गेलो असतो.

दुसरी स्त्री फेथ रिंगगोल्ड (१९३०–२०२४). तिची आई शिवणकामात निष्णात होती. मायलेकींनी मिळून १९८० साली पहिली गोधडी केली. पुढच्याच वर्षी आई निवर्तली. १९८३ पासून फेथने निराळीच रीत पाडली. मध्ये कॅनव्हासवर रंगविलेले चित्र, भोवती कापडाच्या तुकड्यांची किनार, आणि कापडावरच लिहिलेली कथा! १९८८ च्या 'टार बीच' या कृतीत न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील एक कुटुंब उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर बसले आहे. लहानगी मुलगी कल्पनेने आकाशात उडून, ज्या पुलाच्या बांधकामावर बाप राबला तो पूल आपला करते. त्या बापाला मात्र वर्णभेदामुळे कामगारसंघात प्रवेश नाही. अर्थ दुसऱ्याने लिहून घ्यावा, ही वाट फेथने पाहिली नाही, हाच तिचा विशेष होय.

आता आपल्या घराकडे वळू. आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर, बाळाचे झबले, हे सारे एका गोधडीत धावदोऱ्याने एकत्र नांदत असते. आपल्या वंशावळी पाहाव्यात, तर बापामागून मुलगा अशी पुरुषांची नावे ओळीने सापडतात. ज्या माउल्यांनी ती घरे उभी केली, त्यांची नावे बहुधा सापडत नाहीत. त्यांच्या हातची खूण म्हणून गोधडीच काय ती उरते. तीही जीर्ण होताच पायपुसण्याच्या कामी लागते, आणि हे लुगडे कोणाचे, हे सांगणारी म्हातारी माणसे तर रोज दुरावत आहेत.

म्हणून आमची एवढीच विनंती आहे : घरात जुनी गोधडी असेल, तर वडीलधाऱ्या स्त्रियांना त्यातील एकेक तुकडा विचारावा. शिवणारीचे नाव, तिचे माहेर, गाव आणि साल कापडाच्या पट्टीवर लिहून ती पट्टी गोधडीच्या मागील बाजूस टाचावी. तीच नावे वंशावळीतही घालावी. कामास वेळ थोडा लागेल. विलंब मात्र परवडणारा नाही.